तिकीट खिडकीतला कोष्टी

बडनेरा स्टेशनवर आमच्या दोघांच्या तिकीट खिडक्या शेजारी शेजारी होत्या. माझ्यासमोरची रांग सरळ पुढे सरकायची. गुलाबभाऊंसमोरची रांग मधेच अडायची. अडली की मी मान न वळवताच ओळखायचे, कुणाचा तरी पदर, शाल नाहीतर उपरणं खिडकीच्या आत आलंय.

व्हायचं असं, की बाई पर्समध्ये चिल्लर शोधायला वाकायची आणि पदराचं टोक फटीतून आत गुलाबभाऊंच्या टेबलावर यायचं. भाऊंचा एक हात तिकीट काढत असायचा. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट त्यांना न विचारता त्या पदराकडे जायचं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर चांगलाच मार खाल्ला असता. पण भाऊंचा चेहरा त्या वेळी नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा व्हायचा, कपाळाला आठी आणि नजर छताकडे. समोरचं माणूस रागवायचं विसरून निदानाची वाट बघायचं.

नागपूरला भावाकडे निघालेली एक बाई मला चांगली आठवते. नवी कोरी, मोठ्या काठांची साडी नेसून आली होती.

"बाई, हे रेशीम म्हनून घेतलं का तुमी?"

"हो. का बरं?"

"फसवलं तुमाले. हे रेशीम नाई. पलाष्टिकची पिशवी हाये, तिले काठ लावले फक्त."

बाईचा चेहरा उतरला. मागून एकजण ओरडला, "ओ भाऊ, गाडी सुटून राहिली ना!"

"गाडी दुसरी येईन," गुलाबभाऊ शांतपणे म्हणाले. "या बाईची साळी दुसरी येनार हाये का?"

मला वाटलं, आता तक्रार होणार. बाई पुढच्या आठवड्यात खरंच परत आली. तक्रार करायला नाही, पिशवीभर साड्या घेऊन. "माझ्या आईच्या आहेत, एवढ्या तपासून द्या," म्हणाली. त्या दिवशी भाऊंची रांग पार चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि निम्मे प्रवासी माझ्या खिडकीवर येऊन मला बोलून गेले.

गुलाबराव निनावे मूळचे अंजनगाव सुर्जीचे, कोष्ट्यांच्या घरातले. घरात माग होता, रेशमी काठाची लुगडी आणि सोवळी विणली जायची. पुढे तो माल कुणी विचारीना. वडिलांनी माग बंद केला आणि मुलाला म्हणाले, "आतापर्यंत सारे खड्ड्यात बसले, आता तू खुर्चीवर बस." मागाचा खड्डा हो, ज्यात पाय सोडून विणकर बसतो तो. गुलाबभाऊ आज्ञाधारक. ते रेल्वेच्या खुर्चीवर येऊन बसले. बोटं मात्र खड्ड्यातच राहिली.

मी अकोल्याहून बदलून आले तेव्हा त्यांचे वडील नुकतेच गेले होते. भावांनी मागाचं लाकूड गोठ्याला लावायचं ठरवलं होतं. गुलाबभाऊ सुट्टी टाकून गेले आणि सगळं लाकूड सुतळीनं बांधून एस.टी.च्या टपावर चढवायला लागले. कंडक्टरनं अडवलं.

"हे काय हाये?"

"माग हाये."

"कोनाच्या मांगं?"

हा किस्सा भाऊ स्वतः इतक्यांदा सांगायचे, की शेवटी शेवटी "माग हाये" एवढं म्हणून स्वतःच हसत सुटायचे. ऐकणाऱ्याला उरलेला किस्सा शांतावयनींकडून काढून घ्यावा लागायचा.

शांतावयनी म्हणजे त्यांची बायको. आमचे क्वार्टर एकमेकांना लागून, मधे एक भिंत. माग त्यांच्या मागच्या वऱ्हांड्यात उभा राहिला. तिथली फरशी फोडून खड्डा करावा असं भाऊंच्या फार मनात होतं. वयनींनी निक्षून सांगितलं, "सरकारी फरशीले हात लावला त मी माहेरी जाईन." मग त्यांनी माग ठोकळ्यांवर चढवला आणि स्वतःसाठी उंच स्टूल केलं. त्यावर बसून विणताना ते झाडावर बसल्यासारखे दिसायचे. ड्युटी संपली की भिंतीपलीकडून, सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं खटक-फटक, खटक-फटक सुरू. पहिल्या महिन्यात माझं डोकं उठलं. दुसऱ्या महिन्यात आवाज थांबला की मीच भिंतीवर थाप मारून विचारू लागले, "काय हो वयनी, भाऊ बरे आहेत ना?"

नुसतं विणण्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण बाजारातल्या पुडीच्या रंगावर भाऊंचा विश्वास नव्हता. "पुडीचा रंग म्हंजे भाळेकरू," ते म्हणायचे. "आज हाये, उद्या सामान घेऊन चालला." त्यांच्या आजीच्या काळात रेशमाच्या लडी झाडांच्या फुलांत, सालीत, मुळांत रंगायच्या. तेच त्यांना करायचं होतं. आजी तर केव्हाच गेली होती. तेव्हा भाऊंनी दिसेल ते उकळून बघायला सुरुवात केली.

स्टेशनच्या कॅन्टीनवाल्याकडून कांद्याची सालं यायची. बाहेरचा रसवाला डाळिंबाची टरफलं ठेवायचा. फाल्गुनात रुळांच्या कडेचा पळस फुलला की लाइनवर गेलेले ट्रॅकमन संध्याकाळी पोत्यात फुलं भरून आणायचे आणि भाऊंच्या दारात रिकामी करायचे. वयनींच्या स्वयंपाकघरातलं एकेक पातेलं वऱ्हांड्यात जायचं आणि परत यायचं नाही. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेले तर वरण पिवळं धमक. मी वयनींकडे पाहिलं. "भिऊ नका, हळदच हाये," त्या म्हणाल्या. मग हळूच भांड्याकडे बघून, "असंन."

काळ्या रंगाची गंमत तर सगळ्या कॉलनीनं पाहिली. काळा करायला गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून मडक्यात सडवावं लागतं. भाऊंनी क्वार्टरच्या मागे मडकं पुरलं. चार-सहा दिवसांत असा काही वास सुटला, की लोकांनी सरळ निष्कर्ष काढला. गूळ, मडकं, वास, निनावे दारू गाळून राहिले. सुरक्षा दलाचा एक जवान येऊन मडक्यावर काठी आपटत उभा राहिला. भाऊंनी झाकण काढलं. आत फसफसणाऱ्या पाण्यात रुळाचे गंजलेले बोल्ट. दारूची भानगड मिटली, दुसरी सुरू झाली.

"हा रेल्वेचा माल आहे!"

"पडेल होता, सायेब."

"पडलेला असला तरी रेल्वेचाच. कशाला घेतला?"

"मी लोखंड कुठं घेतलं?" भाऊंना मनापासून आश्चर्य वाटलं. "मी फक्त गंज घेऊन राहिलो. लोखंड तुमचं तुमाले परत."

आणि खरंच, आठवड्यानं ते बोल्ट त्यांनी धुऊन-पुसून, चकचकीत करून त्या जवानाच्या टेबलावर नेऊन ठेवले. जवानानं इतके स्वच्छ बोल्ट जन्मात पाहिले नव्हते. पुढे तोच त्यांना काळ्या रंगाला लागणाऱ्या हिरड्याच्या पिशव्या आणून द्यायला लागला.

माणूस असा. कापडाच्या बाबतीत त्यांच्या तोंडून खोटं निघायचंच नाही. इतर बाबतीत ते थोडंफार चालवून घ्यायचे. वयनींना "आलोच पाच मिनिटांत" म्हणून तासानं जायचे, भाजी अळणी झाली तरी "बेस झाली" म्हणायचे. पण कापड हातात आलं की जिभेला लगाम राहायचा नाही.

याचा फटका त्यांना एकदा चांगलाच बसला. आमच्या तेव्हाच्या एका साहेबांच्या मुलाचं रिसेप्शन अमरावतीत होतं. साहेबांच्या पत्नी हौशी. स्टाफ रांगेनं भेटायला गेला तेव्हा त्यांनीच हौसेनं सुनेचा पदर पुढे केला. "गुलाबराव, तुम्ही जाणकार. सांगा, कसा आहे शालू?"

मी भाऊंच्या मागे होते. मी त्यांच्या शर्टाचं टोक धरून खेचलं. काही उपयोग झाला नाही. भाऊंनी पदर बोटांत धरला, आठी घातली, आणि विचारलं, "काडेपेटी हाये का कोनापाशी?"

कोणीतरी उत्साहानं दिली. भाऊंनी पदराच्या गोंड्यातला एक धागा अलगद ओढून काढला, नवऱ्या मुलाच्या हातातल्या आइस्क्रीमच्या बशीवर धरला आणि पेटवला. "रेशीम जळलं का केसावानी वास येते. राख चुरगळते. अन् हे पाहा." बशीत काळा, टणक मणी पडला होता. भाऊंनी तो नखानं टिचकी मारून वाजवूनही दाखवला. व्हिडिओवाला हे सगळं मन लावून टिपत होता.

त्यानंतर भाऊंची खिडकी बदलली. त्यांना चौकशीवर बसवलं. तिथे काच होती, पदर आत यायची सोय नव्हती. "गाडी लेट आहे का?" असं कोणी विचारलं, की भाऊ काचेपलीकडच्या त्याच्या शर्टाकडे उदास नजरेनं बघत म्हणायचे, "हाव. लय." साहेब बदलून गेले तेव्हा भाऊ माझ्या शेजारी परत आले.

या सगळ्या काळात त्यांना एकच गोष्ट साधत नव्हती, ती म्हणजे लाल. पिवळा येत होता, केशरी येत होता, करडा आणि काळाही. पण त्यांची मुलगी मीना लग्नाला आली होती आणि तिला आपल्या हातचं लाल रेशीम नेसवायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. जुना लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. शोधत शोधत ती झाडं त्यांनी गाठली, मुळं खणली, वाळवली, कुटली. रेशीम तुरटीत भिजवलं आणि रंगात सोडलं. बाहेर काय आलं? चहा.

"चहाचं पातेलं गेलं ना," वयनी म्हणाल्या, "मंग रंगही चहाचाच येईन."

पुन्हा केलं, पुन्हा चहा. एकदा थोडा जास्त उकळला तर कॉफी.

मी त्यांना सहज म्हणाले, बाळापूरला आमच्या वडिलांच्या ओळखीचे एक करीमचाचा आहेत, शिवणकाम करतात, त्यांच्या घरी पूर्वी रंगकाम चालायचं म्हणे. भाऊंनी पुढच्याच सुट्टीला मला गाडीत बसवलं.

करीमचाचा मशीनवर पायजम्याला नाडीची पट्टी शिवत होते. भाऊंचं सगळं ऐकून घेतल्यावर हसायला लागले.

"भाऊ, रंग का काम मुझे नहीं आता. मले फक्त मार याद हाये."

"कायचा मार?"

"अम्मी लाल रंगवायची. मी लहान होतो. एक बार विहिरीवर जायचा कंटाळा आला, मी नळाचं पानी टाकून देलं. अम्मीनं असं धोपटलं, असं धोपटलं! बोलली, लाल का काम इसी कुएँ का."

विहीर मागच्या अंगणात होती. भाऊंनी ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. खारपाणपट्ट्यातली विहीर ती, जिभेवर ठेववत नव्हतं. भाऊ मात्र आनंदानं चाचांना मिठी मारायला निघाले.

त्यानंतर बरेच दिवस अकोला स्टेशनवर हे दृश्य दिसायचं. गुलाबभाऊ हातात कॅन घेऊन गाडीत चढतायत, कॅनमध्ये बाळापूरचं खारं पाणी. एकदा डब्यात खारपाणपट्ट्यातल्याच दहीहंडा गावची एक म्हातारी भेटली. तिला आधी वाटलं, हा गोडं पाणी घेऊन निघालाय. तिनं प्यायला मागितलं. भाऊंनी खरं सांगितलं.

"आमी गोळ्या पान्यासाठी आयुष्यभर वनवन केली, अन् तू खारं पानी वाहून नेतं? दवाखान्यात दाखवलं का कुठं?"

"माय, लाल रंगासाठी नेतो."

"मंग लाल रंगाच्या दवाखान्यात दाखव," म्हातारी म्हणाली आणि सगळा डबा हसला. भाऊही हसले. कॅन मात्र त्यांनी मांडीतून खाली ठेवला नाही.

एका सकाळी ते ड्युटीवर आले आणि थेट खुर्चीवर बसले. डबा काढला. आज लवकर जेवतायत की काय, असं मला वाटलं. त्यांनी टेबलाखाली झाकण उघडलं आणि म्हणाले, "ताई, पाहा."

पोळीभाजीच्या डब्यात रेशमाची लडी होती. लाल. तो लाल कसा, हे मला नीट सांगता येणार नाही. कुंकवाहून खोल, विटेहून ओला. आमच्या त्या ट्यूबलाइटच्या, पान खाऊन रंगवलेल्या कोपऱ्यांच्या ऑफिसात तो लाल असा काही शांतपणे बसला होता, की मी हात मागे घेतला. भाऊंचे डोळे भरले होते. "आजीच्या लुगळ्याचा होता," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांची रांग सरळ सरकली. किती पदर आत येऊन गेले, त्यांनी एकालाही हात लावला नाही.

पण लडी होणं वेगळं आणि साडी होणं वेगळं. भाऊंना बोटभर विणलेलं आवडायचं नाही, उसवायचे. काठ जरा सैल वाटला, उसवला. मीनाचं लग्न अकोल्याच्या मुलाशी ठरलं, तारीख आली, आणि साडी मागावर अर्धीसुद्धा नव्हती. मीना समजूतदार मुलगी. "बाबा, मी नंतर नेसीन," म्हणाली. पण एका बाबतीत तिनं बापाला समोर बसवून बजावलं.

"लग्नात कोणाच्याही पदराला हात लावायचा नाही. सासूबाई शालू आणणार आहेत. तो कसाही असला तरी तुम्ही काही बोलायचं नाही."

भाऊंनी मान डोलावली. लग्नाच्या सकाळी वयनींनी त्यांच्या कुर्त्याचे खिसे तपासले, काडेपेटी नाही याची खात्री करून घेतली.

मीनाच्या सासूबाई सुशीलाबाई. नवरा लवकर गेलेला, खानावळीचे डबे करून एकुलत्या मुलाला शिकवलं. शालू द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच खोका उघडला. मांडवात निम्मा रेल्वे स्टाफ होता. आम्हा सगळ्यांचं लक्ष शालूकडे नव्हतं, गुलाबभाऊंच्या हाताकडे होतं. ते हात भाऊंनी पाठीमागे घट्ट बांधून धरले होते.

"इवाई," सुशीलाबाई म्हणाल्या, "तुमी रेशमाचे मोठे जानकार, मीनानं सांगितलं मले. एकटी गेली होती दुकानात. सकाळची संध्याकाळ केली निवडता निवडता. जिंदगीत पयल्यांदा रेशीम घेतलं. हात लावून पाहा ना."

आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. भाऊंनी हात पुढे केला. अंगठा आणि बोट पदरावर आलं. मी इतकी वर्षं ती बोटं पाहत होते. टेकताक्षणीच त्यांना समजलं, हे मलाही समजलं. मीनानं डोळे मिटून घेतले. वयनी देवाचं नाव घेत होत्या.

"अस्सल हाये ना?" सुशीलाबाईंनी विचारलं.

भाऊंची नजर छताकडे गेली. छत नव्हतं, मांडवाचं कापड होतं.

"अस्सल," ते म्हणाले.

मांडवात एकदम इतका सुस्कारा सुटला, की भटजींनी दचकून वर पाहिलं. भाऊ गर्दीतून वाट काढत मागच्या बाजूला गेले. मी गेले तेव्हा ते पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून हात धूत होते.

"भाऊ?"

"रेशीम नव्हतं ताई."

"ते कळलं मला."

"थ्या बाईनं डबे करून करून पैसा जोळला असन. दुकानदारानं तिले फसवलं. आता मी अजून कशाले मारू?" त्यांनी हात पुसले. "पन लय जड गेलं बरं. तोंडात ते खारं पानी आल्यासारखं झालं."

पुढे ते रिटायर झाले. स्टेशनवर निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल दिली. शाल अंगावर पडताच सगळा हॉल श्वास रोखून बसला. भाऊंनी ती चाचपली, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "भावना अस्सल हाये." टाळ्या थांबेनात.

माग पुन्हा एस.टी.च्या टपावर चढून अंजनगावला गेला. तिथे घर स्वतःचं, फरशी स्वतःची. जुना खड्डा मोकळा करून भाऊ त्यात पाय सोडून बसले. लाल साडी तिथे पुरी झाली, पण तिच्यातही एक खोट राहिली. करीमचाचा वारले. मुलांनी अंगणात फरशी घातली, विहीर बुजवली. शेवटचं पाणी पदरापर्यंत पुरलं नाही. त्यामुळे अंग एका लाल रंगाचं आणि पदर जरासा तपकिरीकडे झुकणारा झाला. कोणी सांगितलं नसतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण सांगायला गुलाबभाऊ होते ना! येईल त्याला साडी उलगडून दाखवायचे, "हे पाहा, इथं मी फसलो." कौतुक करायला आलेला माणूस बिचारा दोष शोधत बसायचा.

मीनाला मुलगी झाली. बारसं अंजनगावला, माहेरी. मी बडनेऱ्याहून गेले होते. मीना ती लाल साडी नेसून पाळण्यापाशी बसली होती. बाया पाळणा म्हणत होत्या. सुशीलाबाई अकोल्याहून आल्या होत्या, मीनाला दिलेला तोच शालू आज मीनाकडून मागून नेसल्या होत्या. सुनेचा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा करायला त्यांनी हात लावला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

त्यांनी लाल पदर अंगठ्यात आणि बोटात धरला. मग स्वतःचा पदर धरला. मग पुन्हा लाल. पाळणा चालूच होता. मी पाहिलं, दारात घुगऱ्या वाटणाऱ्या गुलाबभाऊंनीही पाहिलं. त्यांचा हात पातेल्यात अडकून राहिला.

सुशीलाबाई उठल्या, सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"इवाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"मायावाला रेशमाचा नव्हता ना?"

भाऊ घुगऱ्यांकडे बघत राहिले. "नव्हता."

"तुमी त अस्सल म्हनले होते. मांडवात. साऱ्यायच्या समोर."

"हाव."

"खोटं बोलले?"

"हाव, इहीनबाई," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "कापडाच्या बाबतीत पयल्यांदाच बोललो. जमलं होतं का?"

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत की काय म्हणून मी पुढे झाले. खांदे हलत होते, पण डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू, दोन्ही होतं.

"लय जमलं होतं! माया इवायानं पास केलेला शालू हाये म्हनून मी साऱ्या अकोल्यात सांगून राहिली! लोक आपल्या साळ्या दाखवाले आनतात मले. आता काय सांगू त्याइले?"

भाऊंनी विचार केला. घुगऱ्यांनी भरलेला द्रोण त्यांच्या हातात दिला.

"तेच सांगा. आतापर्यंत मी एकटाच बोलत होतो. आता दोघं मिळून बोलू."

पुढच्या दिवाळीत सुशीलाबाईंना अंजनगावहून एक साडी गेली, पळसाच्या पिवळ्या रंगाची. तिचे काठ दोन्हीकडे अगदी सारखे होते, असं मीना सांगत होती. विणताना किती वेळा उसवली, ते वयनींनी मला फोनवर सांगितलं, मधेमधे हसत.

मग एका उन्हाळ्यात वयनींचाच फोन आला, तो हसण्याचा नव्हता. गुलाबभाऊ दुपारी जेवून जरा पडले आणि उठले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी. कामानिमित्त अंजनगावला गेले होते, परतीच्या बसला वेळ होता, म्हणून त्यांच्या गल्लीत शिरले. दार उघडंच होतं. गल्लीतल्या दोन बायका मागापाशी बसून शिकत होत्या, आणि भाऊ त्यांना रागे भरत होते. मला पाहून ओरडले, "बसा ताई, एवढी पट्टी होऊ द्या, मंग चहा घेऊ." मी बसले. पट्टी काही होईना. त्यांनी एकदा थोडं उसवलंसुद्धा. वयनींनी चहा दिला, कुरड्यांची पिशवी दिली, म्हणाल्या, "तुमी निघा, याइचं काही खरं नाई. बस चुकन तुमची."

मी गल्लीत आले आणि मागे वळून पाहिलं. दारातून ते खड्ड्यात बसलेले दिसत होते, जमिनीच्या वर फक्त डोकं, खांदे आणि हात. जसे काही त्या जमिनीतूनच उगवून आलेत. मी "येते हो भाऊ!" म्हणून हाक दिली. त्यांनी वर न बघताच हात उचलला.

तो हात मला निरोप द्यायला उचलला होता, की धोटा फेकायला, ते मला तेव्हाही कळलं नाही. बस लागली होती, मी निघाले.